परदेशी पिक्चर सरकार का अडवतं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात या सदरात 'सुपरमॅन'बद्दल चार ओळी होत्या. २०२५ च्या जुलैत तो आपल्याकडे लागला तेव्हा सेन्सॉर बोर्डाने त्यातला ३३ सेकंदांचा किसिंग सीन काढायला लावला, एवढंच लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की हा अख्खा भाग त्यालाच द्यायचं ठरवलं, कारण बहुतेकांचा मूळ प्रश्न एकच होता, बाहेरचा पिक्चर आपल्या लोकांनी बघितला तर सरकारचं नेमकं काय बिघडतं. नावं छापत नाही, फक्त गावं छापतोय.

प्रश्न, कोल्हापूर: मी निवृत्त शिक्षक आहे. इंग्रजी पिक्चरवर कात्री चालवायचा प्रकार आणीबाणीत सुरू झाला असं आमच्या कट्ट्यावर सगळे ठामपणे सांगतात. खरं आहे का? कायदा नेमका काय म्हणतो?

नाही सर, आणीबाणीच्या खूप आधीपासून चालू आहे हे. इंग्रजांनी १९१८ मधे सिनेमॅटोग्राफ ॲक्ट आणला आणि १९२० मधे मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगूनला सेन्सॉर बोर्डं बसवली. त्या काळात थेटरात लागणारे बहुतेक पिक्चर बाहेरचे, त्यातही अमेरिकन जास्त, त्यामुळे आपल्याकडचं सेन्सॉर पहिल्या दिवसापासून परदेशी रिळांवरच नजर ठेवून होतं. साहेबाला भीती कसली होती, तर हॉलिवूडच्या पिक्चरमधे गोऱ्या बायका तोकड्या कपड्यात नाचताना आणि गोरे पुरुष दारू पिऊन मारामाऱ्या करताना इथल्या माणसाने बघितले तर गोऱ्या कातडीचा जो दरारा आहे तो राहणार नाही. १९२७-२८ मधे रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने सिनेमावर एक कमिटी नेमली होती, तिच्यासमोर साक्ष द्यायला आलेल्या इंग्रजांनी हीच तक्रार पुन्हा पुन्हा केली. राज्य करणाऱ्याला राज्य जायची भीती, संस्कृती बिंस्कृती नंतर.

पण त्याच मुंबईत उलटंही घडलंय. १९३८ मधे लंडनमधे बनलेला 'द ड्रम' मुंबईत लागला, सरहद्दीवरचे लोक त्यात दगाबाज आणि इंग्रज तेवढे शूर, त्यावर लोक चिडले, थेटरांबाहेर आंदोलन झालं आणि शेवटी पिक्चर उतरवावा लागला. पुढच्याच वर्षी 'गंगा दीन'वर मुंबई आणि बंगाल इलाख्यात बंदी आली. बाबूराव पटेल त्यांच्या 'फिल्मइंडिया' मासिकात अशा पिक्चरांवर तुटून पडायचे. म्हणजे एकीकडे सरकारला लोकांची भीती आणि दुसरीकडे लोकांना झालेला खरा अपमान, दोन्हीचा शेवट बंदीतच. आजही एखादा पिक्चर अडला की मी आधी हेच बघते, की हे वरून आलंय की खालून आणि खालून आलं असेल तर खरंच खालून आलंय का.

स्वातंत्र्यानंतर १९५२ चा कायदा आला. त्यातल्या ५-ब कलमात पिक्चर नाकारायची कारणं दिलीत: देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता, सुरक्षा, परदेशांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता आणि नीतिमत्ता, बदनामी, कोर्टाचा अवमान, गुन्ह्याला चिथावणी. देशी असो की परदेशी, थेटरात लावायचा तर सर्टिफिकेट लागतंच. दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास यांनी आधीच तपासायच्या या पद्धतीलाच सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं होतं. १९७० मधे सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या खंडपीठाने निकाल दिला की सिनेमाचा परिणाम माणसावर पुस्तकापेक्षा जास्त होतो, त्यामुळे आधी तपासणं घटनेत बसतं. त्या निकालावरच आजची सगळी इमारत उभी आहे.

प्रश्न, पुणे: ताई, मी १९ वर्षांची आहे. मत देऊ शकते, लग्न करू शकते, गाडी चालवू शकते, मग ए सर्टिफिकेटचा पिक्चर सुद्धा मला कापून का दाखवतात? मोठ्यांसाठीच आहे ना तो?

तुझा प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं समाधानकारक उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. २०१२ मधे डेव्हिड फिंचरचा 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू' इथे लागणार होता, तारीख ठरली होती, बोर्डाने काही सीन काढा म्हटलं, दिग्दर्शकाने नकार दिला आणि पिक्चर आलाच नाही. त्यात बलात्कार आहे, बघायला भयंकर त्रास होतो, आणि तो त्रास व्हावा म्हणूनच तो सीन आहे. तो काढला तर त्या मुलीच्या रागाला काही अर्थच उरत नाही. २०१५ मधे 'स्पेक्टर' आला तेव्हा जेम्स बाँडचे किसिंग सीन निम्म्यावर आणले, त्यावर देशभर चर्चा झाली.

आता यात एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. पुष्कळ कट हे वितरक स्वतःहून मान्य करतो, कारण ए मिळालं तर १८ च्या खालचा सगळा प्रेक्षक गेला आणि टीव्हीवर दाखवायचीही पंचाईत. सुपरहिरोचा पिक्चर मुलांच्या जिवावर चालतो, त्याला यूए हवंच असतं, मग बोर्ड म्हणतं एवढं काढा, हा म्हणतो काढतो, आणि कागदावर सगळं राजीखुशीने झालेलं दिसतं. दिग्दर्शक हजारो मैल लांब असतो, पुष्कळदा त्याला कळतही नसेल.

एकाला मात्र कळलं आणि त्याने ऐकलं नाही. २०१३ मधे वुडी ॲलनचा 'ब्लू जॅस्मिन' येणार होता, आपल्याकडे नियम आहे की पडद्यावर कुणी सिगारेट ओढली की खाली इशारा लिहायचा, तो म्हणाला की ती पट्टी आली की लोकांचं लक्ष पट्टीकडे जातं सीनकडे नाही, आणि त्याने पिक्चर भारतात लावायचंच नाकारलं. तंबाखूने माणसं मरतात हे खरंच आहे आणि तो इशारा मला पटतो, तो पिक्चरच्या आधी दाखवा, नंतर दाखवा, पण चालू सीनवर लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या चित्रावर आपण पेनाने लिहिण्यासारखं आहे.

२०१६ मधे श्याम बेनेगल यांच्या कमिटीने सरकारला सांगितलं होतं की बोर्डाने फक्त वयाप्रमाणे वर्गवारी करावी, कात्री ठेवून द्यावी. २०२३ मधे कायदा बदलला, त्यात यूएचे ७, १३ आणि १६ असे वयाचे टप्पे आले, हे चांगलं झालं. कात्री मात्र तशीच आहे.

प्रश्न, मस्कत: आम्ही दहाबारा मराठी कुटुंबं दिवाळीत 'टायगर ३' बघायचा ठरवून बसलो होतो, इथे लागलाच नाही. आपल्या पिक्चरवर इथे का बंदी?

तिथे सर्टिफिकेट नाकारल्याचं कारण जाहीर करायची फारशी पद्धत नाही, त्यामुळे वितरक सांगतात किंवा वर्तमानपत्रं अंदाज बांधतात तेवढंच आपल्याला कळतं. 'टायगर ३' ओमान, कुवेत आणि कतारला लागला नाही, २०२४ मधे 'फायटर' आखातातल्या बहुतेक देशांत लागला नाही. अशा पिक्चरांत मुसलमान माणूस किंवा एखादा मुस्लिम देश शत्रू म्हणून दिसला की तिकडे अडतं, हे आता आपल्या निर्मात्यांनाही ठाऊक झालंय. दुसरा मुद्दा समलैंगिक पात्रांचा, त्यावरून २०२२ मधे लहान मुलांचा 'लाइटइयर' सुद्धा यूएईने थांबवला. पण तिकडेही बदल होतात, सौदीत तर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून थेटरंच बंद होती, ती २०१८ मधे उघडली आणि पहिला लागला तो परदेशीच, 'ब्लॅक पँथर'.

प्रश्न, ठाणे: 'दंगल' चीनमधे हजार कोटींच्या वर कमावून आला. मग आपले आणि हॉलिवूडचे सगळेच पिक्चर तिकडे का जात नाहीत? यात पैसा किती आणि राजकारण किती?

दोन्ही इतकं एकमेकात मिसळलंय की वेगळं काढता येत नाही. चीनने १९९४ मधे कमाईत वाटा देऊन परदेशी पिक्चर घ्यायला सुरुवात केली तेव्हा वर्षाला दहा घ्यायचे. जागतिक व्यापार संघटनेत गेल्यावर ते वीस झाले आणि २०१२ मधे अमेरिकेशी करार होऊन चौतीस झाले, त्यात परदेशी स्टुडिओला तिकिटातला २५ टक्के वाटा. आयात सरकारी कंपनीमार्फत, तारीख सरकार ठरवणार, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीसारखे कमाईचे आठवडे बऱ्याचदा चिनी पिक्चरांना राखून ठेवलेले. वयाप्रमाणे सर्टिफिकेट हा प्रकारच तिथे नाही, म्हणजे पास झाला तर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही. २०१८ पासून सिनेमाचं खातं थेट कम्युनिस्ट पक्षाच्या प्रचार विभागाकडे आहे, यावरूनच ते लोक सिनेमाकडे कसं बघतात ते कळतं. एप्रिल २०२५ मधे अमेरिकेने टॅरिफ वाढवले तेव्हा चीनने उत्तरादाखल जे जाहीर केलं त्यात अमेरिकन पिक्चर कमी घेऊ हेही होतं.

पण मला जास्त काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची. १९९७ मधे दलाई लामांच्या आयुष्यावर डिस्नेचा 'कुंदुन' आला. चीनमधे तो लागणार नव्हताच, पण चीनने डिस्नेचा बाकीचाही धंदा अडवला आणि १९९८ मधे कंपनीच्या प्रमुखाने बीजिंगला जाऊन असा पिक्चर काढला याबद्दल माफी मागितली. अमेरिकेत काढलेला, अमेरिकेत दाखवलेला पिक्चर, आणि माफी बीजिंगला. त्यानंतर हॉलिवूडमधल्या मोठ्या स्टुडिओंनी तिबेटचं नाव जवळजवळ टाकलंच. पुढे २०१२ चा 'रेड डॉन', त्यात अमेरिकेवर चढाई करणारे सैनिक चिनी होते, शूटिंग संपलं होतं, मग कॉम्प्युटरवर एकेक झेंडा आणि बिल्ला बदलून त्यांना उत्तर कोरियाचे केलं. हे चिनी प्रेक्षकासाठी वेगळी कॉपी काढून केलेलं नाही, जगभर तोच पिक्चर गेला. म्हणजे बीजिंगच्या सेन्सॉरने न मागता, नुसत्या धाकाने, ओहायोतल्या आणि ठाण्यातल्या माणसाने काय बघायचं ते ठरलं.

आणि ही युक्ती चीनने शोधलेली नाही. १९३० च्या डिसेंबरमधे बर्लिनला 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' लागला, पहिल्या महायुद्धात जर्मन पोरं कशी मेली त्याचा पिक्चर, गोबेल्सच्या माणसांनी थेटरात पांढरे उंदीर सोडले, घाण वासाचे बाँब फोडले, आणि आठवड्याभरात सरकारने पिक्चरच बंद केला. नाझी अजून सत्तेत आलेले नव्हते बरं का, लोकशाही सरकार होतं, ते गोंधळाला घाबरलं. मग १९३२ मधे जर्मनीने नियमच केला की एखाद्या कंपनीने जर्मनीची बदनामी करणारा पिक्चर जगात कुठेही दाखवला तर तिचे जर्मनीतले परवाने जातील. १९३३ पासून गिसलिंग नावाचा जर्मन सरकारचा वाणिज्यदूत लॉस एंजेलिसला बसून स्टुडिओंना पत्रं पाठवायचा, हा पिक्चर काढू नका, तो सीन वगळा. ज्या वर्षांत नाझींबद्दल जगाला सांगायची सगळ्यात जास्त गरज होती त्याच वर्षांत बहुतेक स्टुडिओ गप्प राहिले. म्हणून कुणी म्हणालं की बंदी घातली तर घातली, त्यांच्या देशात त्यांनी काय करायचं ते करू दे, तर मला ते पटत नाही. बाजार मोठा असला की एका देशाची कात्री सगळ्यांच्या पडद्यावर चालते.

प्रश्न, नागपूर: व्हिएतनामने 'बार्बी'वर बंदी घातली हे वाचून हसू आलं. एका बाहुलीच्या पिक्चरमुळे देशाच्या सीमा बदलतात का?

हसू येणं साहजिक आहे, पण त्यांच्या बाजूने बघा जरा. दक्षिण चीन समुद्राचा जवळजवळ सगळा भाग आमचा असं चीन म्हणतो आणि नकाशावर त्याभोवती तुटक रेघ काढतो. व्हिएतनामची माणसं त्या समुद्रात मासेमारी करतात, तिथे त्यांच्या बोटी बुडवल्या गेल्यात, १९८८ मधे तिथे झालेल्या चकमकीत त्यांचे सैनिक मेलेत. २०२३ मधे 'बार्बी'तल्या खडूने काढल्यासारख्या नकाशावर तशी रेघ दिसते म्हणून त्यांनी तो नाकारला. स्टुडिओ म्हणाला ते नुसतं बालिश चित्र आहे, फिलिपिन्सने नकाशा धूसर करायला सांगून पिक्चर लावला. मला फिलिपिन्सचा मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो. पण २०१९ मधे 'अबॉमिनेबल' या ॲनिमेशन पिक्चरमधे खरोखरच ती रेघ होती, आणि तो पिक्चर एका चिनी कंपनीच्या भागीदारीत बनला होता, त्यामुळे व्हिएतनामचा संशय अगदीच हवेतला म्हणता येत नाही.

आणि आपण तरी काय वेगळे? भारतीय सर्व्हेच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा छापला तर १९६१ च्या कायद्याने सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. काश्मीर तुटलेला दाखवलेला नकाशा पडद्यावर आला तर मलाही त्रास होतो, हे मी लपवणार नाही. त्यासाठी नकाशा दुरुस्त करायला सांगणं मला रास्त वाटतं, पिक्चर पुरून टाकणं नाही.

यात छोट्या देशांचा सल वेगळाच असतो. २०२३ च्या जूनमधे 'आदिपुरुष'मधे सीता भारताची कन्या असं वाक्य होतं, नेपाळच्या लोकांच्या श्रद्धेप्रमाणे जानकी जनकपूरची, म्हणजे त्यांच्या देशातली. काठमांडूचे तेव्हाचे महापौर बालेन शाह यांनी शहरातले सगळेच भारतीय पिक्चर बंद केले, पोखऱ्यातही तसंच झालं, मग पाटणच्या हायकोर्टाने ही बंदी उठवायला लावली. सगळे पिक्चर बंद करणं अतीच होतं. पण ते वाक्य लिहिताना आपल्याकडच्या कुणालाच शेजाऱ्याची आठवण झाली नाही, हेही तितकंच खरं. याआधी 'चांदनी चौक टू चायना'मधे बुद्धाच्या जन्मस्थानावरून असंच झालं होतं.

प्रश्न, मडगाव: इफ्फी महोत्सवात दरवर्षी पणजीला परदेशी पिक्चर एकही कट न करता बघतो. तेच पिक्चर नंतर थेटरात आले तर कापलेले. आणि २००६ मधे 'द दा विंची कोड' गोव्यात बंद होता तेव्हा बाकी देशात चालू होता. असं कसं?

महोत्सवाला सर्टिफिकेटची अट केंद्रीय माहिती आणि प्रसारण मंत्रालय माफ करतं, कारण तिथे नाव नोंदवून आलेले प्रतिनिधी बघतात, उघड तिकीटविक्री नसते. ही सवलत चांगलीच आहे, पण तिच्यामागचा विचार मला खुपतो, की महोत्सवाचा पास गळ्यात असलेला माणूस समजूतदार आणि सावंतवाडीच्या थेटरात तिकीट काढणारा नाही. दोघंही तोच माणूस असू शकतो. शिवाय ही माफी मंत्रालयाच्या हातात, एखादा पिक्चर नको वाटला तर माफी मिळत नाही आणि पिक्चर यादीतून जातो.

'दा विंची कोड'ला केंद्रीय बोर्डाने ए सर्टिफिकेट आणि हे काल्पनिक आहे अशी पाटी, एवढ्यावर पास केलं होतं. तरी गोवा, नागालँड, पंजाब, तमिळनाडू आणि आंध्र प्रदेश या राज्यांनी अडवला. सिनेमाचं सर्टिफिकेट केंद्राचं पण कायदा सुव्यवस्था राज्याची, त्या फटीतून हे होतं. आंध्रच्या हायकोर्टाने तिथली बंदी रद्द केली, आणि मुळात सुप्रीम कोर्टाने १९८९ मधेच रंगराजन खटल्यात स्पष्ट सांगितलं होतं की निदर्शनं होतील, मारामाऱ्या होतील या भीतीने पिक्चर दाबता येणार नाही, धमकी देणाऱ्यांना आवरणं हे सरकारचंच काम आहे. गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांच्या भावना दुखावल्या असतील, तो राग मी खोटा म्हणत नाही. ज्याला दुखतं त्याने जाऊ नये, बाहेर शांतपणे निषेधाची पाटी धरावी, त्याचा तो हक्क आहे. पण शेजाऱ्याने पण बघू नये हे ठरवायचा हक्क त्याला नाही आणि राज्य सरकारलाही नसायला हवा.

प्रश्न, न्यू जर्सी: अमेरिकेत सरकारी सेन्सॉर नाही. लोकशाही पिकली की हे आपोआप जातं का?

आपोआप नाही गेलं, कोर्टात जाऊन घालवावं लागलं. १९१५ मधे अमेरिकन सुप्रीम कोर्टानेच म्हटलं होतं की सिनेमा हा निव्वळ धंदा आहे, त्याला भाषणस्वातंत्र्य लागू नाही. त्यानंतर ३७ वर्षं राज्यांची आणि शहरांची सेन्सॉर बोर्डं चालली. तिढा सुटला तो एका परदेशी पिक्चरमुळेच. रोसेलिनीचा 'द मिरॅकल' हा छोटा इटालियन पिक्चर न्यूयॉर्कला लागला, कॅथलिक चर्चने पाखंडी म्हणून रान उठवलं, राज्याने परवाना काढून घेतला, वितरक जोसेफ बर्स्टिन हा काही मोठा स्टुडिओवाला नव्हता, पण तो लढला आणि १९५२ मधे जिंकला. सिनेमाला भाषणस्वातंत्र्य लागू होतं हे तेव्हा ठरलं. त्याच वर्षी आपण आपला सेन्सॉरचा कायदा केला. तरीही १९६८ मधे एका स्वीडिश पिक्चरची रिळं अमेरिकन कस्टम्सने जप्त केली होती, म्हणजे काम एका निकालाने संपत नाही. युरोपातसुद्धा १९७९ चा 'लाइफ ऑफ ब्रायन' नॉर्वेने काही काळ आणि आयर्लंडने १९८७ पर्यंत अडवला होता.

प्रश्न, सोलापूर: पाकिस्तानी पिक्चरवर बंदी हवीच. इथे माणसं मरतात आणि आपण त्यांच्या हिरोंना टाळ्या वाजवायच्या? तुमचं स्वातंत्र्य वगैरे इथे लागू करू नका.

काका, २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला जे २६ लोक मारले त्यात आपल्या महाराष्ट्रातले सहा होते. त्या महिन्यात तुमचा राग माझाही होता. ८ मे ला केंद्राने ओटीटीवाल्यांना पाकिस्तानी सिरीयल, पिक्चर, गाणी काढायला सांगितली, पाकिस्तानी नट फवाद खानचा 'अबीर गुलाल' इथे लागला नाही. युद्धाच्या तोंडावर सरकार असं करतं, आणि पाकिस्तानने तर १९६५ पासून चार दशकं आपले पिक्चर बंद ठेवले होते. तो आदेश सरकारने दिला, उघड दिला, कारण सांगून दिला, त्याची जबाबदारी घेतली, त्यामुळे तो मला समजू शकतो. माझं म्हणणं एवढंच की त्याला मुदत असावी आणि ठरावीक काळाने पुन्हा विचार व्हावा.

'द लेजेंड ऑफ मौला जट्ट' या पाकिस्तानी पिक्चरचं मात्र वेगळं आहे. २०२२ च्या शेवटी तो इथे लागायच्या बेतात होता, राज्यात मनसेने लावू देणार नाही म्हटलं, आणि तो मागे पडला. इथे लेखी हुकूम कुणाचा, सही कुणाची? थेटरमालकाने काचा फुटतील म्हणून घाबरायचं आणि सरकारने गप्प बसायचं, हे मला मान्य नाही, मग पिक्चर कुठल्याही देशाचा असो.

आणि कायमची बंदी कुणालाच परवडत नाही असं मला वाटतं. जपानने कोरियावर ३५ वर्षं राज्य केलं, तिथल्या बायकांवर जे अत्याचार झाले त्याच्या जखमा अजून ओल्या आहेत. दक्षिण कोरियाने जपानी पिक्चर अनेक दशकं बंद ठेवले. १९९८ मधे राष्ट्राध्यक्ष किम दे-जुंग यांनी ते टप्प्याटप्प्याने उघडले, तेव्हा तिकडेही लोक म्हणत होते की आपली संस्कृती बुडेल, आपला सिनेमा मरेल. कोरियन सिनेमा त्यानंतर कुठे पोचला ते आपण सगळे बघतोय.

प्रश्न, नाशिक: 'संतोष' हा हिंदी पिक्चर, शहाना गोस्वामी हिरॉईन, शूटिंग उत्तर प्रदेशात, मग तो परदेशी कसा आणि आम्हाला बघायला का मिळत नाही? कुठे लिंक असेल तर पाठवा.

पैसा आणि निर्मिती मुख्यतः ब्रिटनची म्हणून परदेशी. दिग्दर्शिका संध्या सुरी ब्रिटिश भारतीय आहेत. २०२४ मधे कान महोत्सवात दाखवला गेला आणि ब्रिटनने ऑस्करला पाठवला. गोष्ट आपलीच आहे, नवरा कॉन्स्टेबल, तो मेल्यावर बायकोला अनुकंपा तत्त्वावर त्याची नोकरी मिळते, आणि तिच्यासमोर पहिलं मोठं प्रकरण येतं ते एका दलित मुलीच्या खुनाचं. त्यात पोलिसांची मारहाण आहे, जात आहे, मुसलमानांकडे बघायची नजर आहे. मार्च २०२५ मधे बातमी आली की बोर्डाने इतके लांबलचक कट सांगितलेत की ते केले तर पिक्चर उरणारच नाही. शूटिंगच्या आधी स्क्रिप्ट सरकारी मंजुरीसाठी दिली होती, ती पास झाली होती, असं सुरी यांनी सांगितलं. ऑक्टोबरमधे ओटीटीवर येणार असं जाहीर झालं, ओटीटीला बोर्डाचं सर्टिफिकेट लागत नाही, तरी तेही रद्द झालं.

'संतोष'सारखा पिक्चर अडतो तेव्हा मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. चुंबन कापलं तर तीस सेकंद जातात. इथे आपल्याच गावातल्या पोलीस ठाण्यात काय चालतं ते आपल्याच भाषेत सांगणारी एक गोष्ट अख्खी गेली, लंडनचा माणूस ती बघतो आणि नाशिकचा बघू शकत नाही. पूर्वी बोर्डाविरुद्ध दाद मागायला दिल्लीत अपील ट्रायब्युनल होतं, ते एप्रिल २०२१ मधे बंद केलं, आता थेट हायकोर्ट. मोठा स्टुडिओ वकील लावू शकतो, पण 'संतोष'सारख्या छोट्या पिक्चरला दोन वर्षं तारखा घेत बसणं कसं जमणार?

लिंक पाठवणार नाही, चोरून बघितलं की आधीच अडचणीत असलेल्या माणसांचंच नुकसान होतं. बोर्डाने नेमके कोणते कट मागितले आणि प्रत्येकासाठी ५-ब मधलं कोणतं कारण दिलं, ती यादी जाहीर करा, असं पत्र आम्ही मासिकातर्फे माहिती आणि प्रसारण मंत्रालयाला पाठवतोय. ज्यांना त्यावर सही करायची आहे त्यांनी या महिनाअखेरपर्यंत नाव आणि गाव कळवा.